ठाण्यात राहून आशियाचे डोंगर कसे ओळखायचे आणि मग बघायला कसं निघायचं

डोंगरांचा नाद नवीन नवीन लागला की माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर उंचीची यादी पाठ करतो. एव्हरेस्ट ८८४८.८६ मीटर, के टू ८६११, कांचनजंगा ८५८६, ल्होत्से ८५१६, मकालू ८४८५... आणि आठवड्याभरात सगळं विसरून जातो, कारण यातलं कुठलं शिखर कुठे आहे, शेजारी कोण आहे, खालून नदी कुठली वाहते याचा काही पत्ताच नसतो. पावसाळी ट्रेक संपले की ग्रुपवर "आता हिमालय सुरू करायचाय, कुठून करू" असे मेसेज पडायला लागतात, तर त्या सगळ्यांसाठी हे एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझं म्हणणं एवढंच, आधी रांग, मग नदी आणि खिंड, मग शिखर, आणि आकडा सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर नकाशा डोक्यात बसतो आणि आपण कुठे जावं हे पण बरंचसं आपोआप ठरतं.

पायरी १: आधी लोकलच्या खिडकीतून

हसू नका, खरंच सांगतोय. रविवारी सकाळी ठाण्याहून कर्जत लोकल पकडायची आणि जाताना उजव्या हाताची खिडकी धरायची. कल्याण सुटलं की श्रीमलंगचे सुळके दिसायला लागतात, मग तावली, मग चंदेरी, मग नवरा-नवरीचे सुळके, पुढे नाखिंड, पेब आणि नेरळला माथेरानचं सपाट पठार. यातला चंदेरी नीट बघा. बदलापूरला त्याचा आकार वेगळा दिसतो आणि वांगणीच्या पुढे गेलात की तोच डोंगर दुसराच कुणीतरी वाटतो. हिमालयात नवीन माणसाची नेमकी इथेच फसगत होते, कारण फोटोत बघितलेलं शिखर दुसऱ्या बाजूने ओळखूच येत नाही. नवी मुंबईवाल्यांनी खारघरच्या टेकडीवर किंवा पनवेलच्या बाजूला हाच अभ्यास करावा, कर्नाळ्याचा अंगठा, प्रबळगड, त्याला चिकटलेला कलावंतीण, पलीकडे इर्शाळ. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात हवा धुतलेली असते तेव्हा जा, मे महिन्यात धुरकटात काही दिसणार नाही.

फोनवर पीकफाइंडरसारखं एखादं ॲप टाका, समोर धरलं की शिखरांची नावं सांगतं आणि नेट नसलं तरी चालतं. पण आधी आपण ओळखायचं आणि मग ॲपला विचारायचं, उलटं केलंत तर डोळा कधीच तयार होणार नाही.

याच वेळी सह्याद्रीची जात पण समजून घ्या. आपले कडे लांबून बघितले की आडवे पट्टे दिसतात, थरावर थर, भाकऱ्यांची चवड रचल्यासारखे. ते लाव्ह्याचे थर आहेत, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे सह्याद्री ही दोन बाजूंनी दाबून उचललेली रांग नाहीच, तो दख्खनच्या पठाराचा तुटलेला काठ आहे, म्हणून तर कोकणातून बघितलं की भिंत आणि घाटावरून बघितलं की साधी टेकाडं. हिमालयाचं प्रकरण पूर्ण वेगळं. भारताची भूमी उत्तरेला सरकत जाऊन आशियाला साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी धडकली, मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ चुरगळून वर आला, आणि आज एव्हरेस्टच्या माथ्यावर जो खडक आहे तो समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे. तिकडचे थर तिरके, वाकलेले, कधी कधी उभे दिसतात. एकदा हा फरक डोळ्यात बसला की कुठल्याही डोंगराचा फोटो बघून तो साधारण कसा तयार झाला असेल याचा अंदाज यायला लागतो.

पायरी २: पामीरवर बोट ठेवा

आता आशियाचा नकाशा उघडा, भिंतीवरचा असेल तर उत्तम, नाहीतर गुगल अर्थ. ताजिकिस्तान शोधा. तिथे पामीरचा डोंगराळ प्रदेश आहे आणि आशियातल्या बहुतेक मोठ्या रांगा तिथूनच फुटल्यासारख्या दिसतात, म्हणून शाळेच्या भूगोलात त्याला पामीरची गाठ म्हणायचे. या गाठीवर बोट ठेवून एकेक रांग ओढत न्यायची, बस.

नैऋत्येला हिंदुकुश. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या सीमेवरून जाते, सगळ्यात उंच तिरिच मीर ७७०८ मीटर. आग्नेयेला काराकोरम, त्यात के टू. पूर्वेला कुनलुन, जी तिबेटच्या पठाराची उत्तरेकडची भिंत आहे. ईशान्येला तिएन शान, किर्गिझस्तान आणि चीनच्या हद्दीवर, तिथलं जेंगिश चोकुसू ७४३९ मीटर, त्यालाच जुन्या रशियन नकाशांत पोबेदा म्हणतात. आणि काराकोरमच्या खाली, दक्षिणेला, आपला हिमालय. पामीरमधलं मोठं शिखर इस्माईल सोमोनी ७४९५ मीटर, सोव्हिएत काळात त्याचं नाव कम्युनिझम शिखर होतं, त्यामुळे जुन्या ॲटलासमध्ये गोंधळ होतो. तिकडे राजवट बदलली की शिखराचं बारसं परत होतं, सवय करून घ्या.

पश्चिमेला आणखी एक मजा आहे. इराणमध्ये उत्तरेला एल्बुर्झ आणि दक्षिणेला झाग्रोस या दोन रांगांच्या मध्ये इराणचं पठार, तुर्कस्तानात पाँटिक आणि टॉरस यांच्या मध्ये अनातोलियाचं पठार, आणि इकडे हिमालय आणि कुनलुनच्या मध्ये तिबेटचं. दोन रांगा आणि मध्ये पठार, हा साचा एकदा दिसला की अर्धा आशिया पाठ झाला समजा. एल्बुर्झमधला दमावंद साधारण ५६१० मीटर, आशियातला सगळ्यात उंच ज्वालामुखी. याला रशियातल्या एल्ब्रुसशी गल्लत करू नका, तो कॉकेशसमध्ये आहे, ५६४२ मीटर, आणि तो युरोपात धरायचा की आशियात यावर गिर्यारोहक अजून भांडतात.

पूर्वेकडे हिमालय संपल्यावर डोंगर संपत नाहीत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हिमालयाच्या पूर्व टोकाला नामचा बरवा शिखरापाशी रांग वळते आणि पटकाई, नागा टेकड्या, मिझोरामचे डोंगर, म्यानमारचा आराकान योमा करत दक्षिणेला उतरते आणि मग समुद्रात शिरते. तिचाच पाण्यावर डोकावणारा भाग म्हणजे अंदमान-निकोबार. म्हणजे टूर कंपनीबरोबर हॅवलॉकला जाऊन आलेल्या तुमच्या काकू पण एका अर्थाने पर्वतरांगेवरच फिरून आल्यात, अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर सॅडल पीक ७३२ मीटर आहे.

पायरी ३: नद्या आणि खिंडी

रांगा कळल्या की नद्या बघा, कारण डोंगराची हद्द नदी सांगते. कैलास-मानसरोवरच्या परिसरातून सिंधू निघते आणि पश्चिमेला जाते, ब्रह्मपुत्रा निघते आणि पूर्वेला जाते. सिंधू नंगा पर्बतला वळसा घालून खाली उतरते, ब्रह्मपुत्रा नामचा बरवाला वळसा घालून अरुणाचलात उतरते, आणि या दोन वळणांच्या मध्ये जो साधारण २४०० किलोमीटरचा पट्टा आहे तो हिमालय. एक टोक नंगा पर्बत ८१२६, दुसरं टोक नामचा बरवा ७७८२. आणि हो, कैलास (६६३८ मीटर) मुख्य हिमालयाच्या रांगेत नाही, तो तिच्या उत्तरेला तिबेटच्या बाजूला आहे.

हे सगळं नकाशावर कितीही बघितलं तरी खरं कळायचं असेल तर मनाली ते लेह ते नुब्रा हा रस्ता. ठाण्या-डोंबिवलीची पोरं दरवर्षी बुलेटवर जातात, रील टाकतात, आणि आपण चार रांगा ओलांडल्या आणि पाचवी समोर बघितली हे त्यातल्या बहुतेकांना माहीतच नसतं! तर ऐका. मनाली सोडलं की पहिली पीर पंजाल, आता तिच्या पोटातून अटल बोगदा जातो, ९ किलोमीटरचा, २०२० पासून सुरू आहे, त्यामुळे रोहतांगला न चढता तुम्ही लाहौलमध्ये बाहेर पडता आणि हिरवं मागे राहून एकदम कोरडं सुरू होतं. मग भागा नदीच्या काठाने वर वर जात बारालाचा ला (ला म्हणजे खिंड), तिथे मुख्य हिमालय ओलांडला. ही भागा याच खिंडीजवळच्या सूरज तालातून निघते, चंद्रा खिंडीच्या दुसऱ्या अंगाने, दोघी तांडीला भेटतात आणि पुढे चिनाब होते. पुढे सरचू, मग लाचुंग ला, मोरे प्लेन्सचं मैदान, आणि तांगलांग ला, ही झांस्कर रांग. उतरलात की उपशीला सिंधू. लेहच्या मागे खारदुंग ला, ही लडाख रांग, आणि तिथे उभं राहून उत्तरेला बघितलं की काराकोरम, ज्यात आपल्याकडचा सासेर कांग्री ७६७२ मीटर आहे. मध्ये खाली श्योक आणि नुब्रा. प्रत्येक खिंडीत गाडी थांबवून मागे कुठली रांग आणि पुढे कुठली एवढं जरी म्हटलंत तरी पुस्तकाची गरज नाही.

खारदुंग लाच्या पाटीवर बरीच वर्षं १८३८० फूट लिहिलेलं होतं, जीपीएसने मोजलं तर ५३५९ मीटर, म्हणजे १७५८२ फूट भरतात. पाटीबरोबर फोटो काढा, भांडू नका.

पायरी ४: शिखर मोठं म्हणजे काय ते ठरवा

समुद्रसपाटीपासूनची उंची हा एक हिशोब झाला. दुसरा हिशोब म्हणजे शिखर आजूबाजूच्यापासून स्वतंत्रपणे किती वर उठलंय. ल्होत्से जगात चौथं, पण एव्हरेस्टच्या आणि त्याच्या मधली खिंड, साउथ कोल, इतकी उंच आहे की ल्होत्से तिच्यावर जेमतेम ६०० मीटर उठतं. उलट बोर्निओ बेटावरचा किनाबालू फक्त ४०९५ मीटर, पण बेटावरचा सगळ्यात उंच असल्यामुळे ते सगळेच्या सगळे त्याचे स्वतःचे. जपानचा फुजी ३७७६, तिथेही तेच.

तिसरा हिशोब डोळ्याला काय दिसतं त्याचा, आणि मला विचाराल तर नवीन माणसाने हाच धरावा. पोखरा हजार मीटरच्या पण खाली आहे आणि तिथल्या तळ्याकाठून ८०९१ मीटरचं अन्नपूर्णा दिसतं, पुढ्यात माच्छापुच्छ्रे ६९९३. तिबेटच्या पठारावरून मात्र आठ हजारी (८००० मीटरच्या वरचं) शिखर पण तेवढं अंगावर येत नाही, कारण तुम्हीच आधी साडेचार-पाच हजारावर उभे असता. नंगा पर्बतची रुपाल बाजूची भिंत साधारण ४६०० मीटरची आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, अशी जवळजवळ तीन कळसूबाई एकावर एक, आणि तीही समुद्रापासून मोजून.

आठ हजारी शिखरं एकूण १४, त्यातली १० हिमालयात, ४ काराकोरममध्ये. के टू, ब्रॉड पीक आणि दोन गाशेरब्रुम हे चार काराकोरमचे, बाकी सगळी हिमालयाची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. जगातलं ७००० मीटरच्या वरचं एकूण एक शिखर आशियात आहे, दुसऱ्या कुठल्याच खंडात एकही नाही. भारतात पूर्णपणे असलेलं सगळ्यात उंच नंदादेवी ७८१६, कांचनजंगा त्याहून उंच पण ते नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवर. पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेच्या टीमने २०१९ मध्ये कांचनजंगा केलं, त्यामुळे मराठी माणसाला त्याचं नाव तसं ओळखीचं आहे. १९५५ साली ज्यांनी ते पहिल्यांदा चढलं, त्यांनी सिक्कीमच्या लोकांच्या श्रद्धेला मान देऊन अगदी माथ्यावर पाऊल ठेवलं नाही, आणि नंतर आलेल्या बऱ्याच जणांनी तो रिवाज पाळला. कैलासवर कुणी चढलेलं नाही. भूतानचं गांगखार पुएनसुम ७५७० मीटर, तेही अजून कुणी चढलेलं नाही आणि भूतानने २००३ पासून गिर्यारोहणच बंद केलंय. सगळंच सर करायचं नसतं, हे त्या लोकांनी कायदा करून सांगितलंय.

पायरी ५: पहिली ट्रिप नुसती बघायची

चढाई वगैरे नंतर. पहिल्या वर्षी घरच्यांना घेऊन जिथून शिखरं दिसतात तिथे जा. दार्जिलिंगहून कांचनजंगा, तब्येत बरी असेल तर सांदकफू (३६३६ मीटर), तिथून कांचनजंगा आणि एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू असे चार मोठे एकाच ठिकाणाहून. कुमाऊंमध्ये कौसानीहून त्रिशूल आणि नंदादेवी, मुनस्यारीहून समोर पंचाचूली. गढवालात औली. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर, तेव्हा हवा सगळ्यात स्वच्छ. सकाळी साडेपाचला उठा, दहानंतर ढग वर चढतात आणि मग दिवसभर हॉटेलात पत्ते.

एव्हरेस्ट बेसकॅम्पबद्दल एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, बेसकॅम्पवरून (५३६४ मीटर) एव्हरेस्टचा माथा नीट दिसतच नाही, नुप्त्से आड येतं. तो बघायला बाजूच्या काला पत्थरवर चढावं लागतं. एवढे पैसे भरायच्या आधी माहीत असलेलं बरं.

पायरी ६: शरीर, ही पायरी वगळायची नाही

आपण खाडीकाठची माणसं. घोडबंदर रोडवर पंधराव्या मजल्यावर राहिलं म्हणून काही फरक पडत नाही. हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेच २१ टक्के, पण दाब कमी होतो, ५५०० मीटरच्या आसपास तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि एव्हरेस्टवर साधारण एक तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात हातात कमी पडतं. याचा फिटनेसशी संबंध थोडाच आहे. येऊरला रोज पळणारा, मॅरेथॉनवाला माणूस आडवा होतो आणि त्याची पन्नाशीची आई हळूहळू चालत वर पोचते, कारण तो घाई करतो आणि ती करत नाही.

नियम साधे आहेत. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचावर नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात, तेव्हा आणखी वर चढायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बडबड असंबद्ध झाली, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला सुरू झाला तर रात्र असो की पाऊस, खाली उतरवायचं, सकाळची वाट बघायची नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरला विचारून, ग्रुपवरच्या कुणाला विचारून नाही. विमानाने थेट लेहला (साधारण ३५०० मीटर) उतरलात तर पहिले दोन दिवस काही करायचं नाही, बाजारात पण हळू. गाडीने जाणाऱ्यांनी मनालीऐवजी श्रीनगर-कारगिलकडून चढावं, चढ सावकाश आहे. मनालीकडूनच जायचं असेल तर केलाँग किंवा जिस्पाला रात्र काढा, पहिलीच रात्र सरचूला तंबूत काढू नका, ते जवळजवळ ४३०० मीटरवर आहे आणि रात्रभर कुणीतरी ओकत असतं.

सरावाला घरचं पुरेसं आहे. सोसायटीचे जिने पाठीवर सॅक घेऊन, मग मुंब्रादेवी, मग आसनगावहून माहुली, मग कसाऱ्यावरून जीपने बारीला जाऊन कळसूबाई. माहुलीची चढण दमट हवेत जीव काढते, घामाने सदरा पिळता येतो, आणि वरची लोखंडी शिडी येईपर्यंत तुमच्या बुटांनी टाच सोलली की नाही हे पक्कं कळलेलं असतं. नवे बूट घालून डायरेक्ट हिमालयात जाणाऱ्यांना बेसकॅम्पचे लोक लांबूनच ओळखतात.

पायरी ७: पहिला ट्रेक आणि त्याच्या पुढचं

पहिला ट्रेक चार हजार मीटरच्या आतला धरा. उत्तराखंडात सांक्रीहून केदारकांठा, साधारण ३८०० मीटर, माथ्यावरून स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ दिसतात. एलटीटीहून (मुंबईचं लोकमान्य टिळक टर्मिनस) हरिद्वारला गाडी आहे, पुढे डेहराडून, तिथून सांक्रीपर्यंत पूर्ण दिवस जीप. डिसेंबर-जानेवारीत सगळे बर्फासाठी जातात आणि तेवढीच गर्दी असते, मी तर एप्रिल सुचवेन. नेपाळमध्ये जायचं तर अन्नपूर्णा बेसकॅम्प (४१३० मीटर) दुसऱ्या नंबरला ठीक. तिकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, विमानाने जाताना नुसत्या आधारवर विसंबू नका. इन्शुरन्स काढताना पॉलिसीत किती मीटरपर्यंत कव्हर आहे आणि हेलिकॉप्टरने उतरवायचा खर्च धरलाय का ते वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा नसतो.

दोरी, क्रॅम्पॉन (बर्फात चालायला बुटाला लावायचे काटे), आइस ॲक्स याची ओढ लागली तर सहा हजारी शिखराचं पॅकेज विकत घेण्याआधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करा. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट (निम, १९६५ पासून) किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (एचएमआय, १९५४ पासून). साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे नोकरीवाल्यांनी सुट्टीचं आधी बघावं, आणि जागा फार आधी भरतात म्हणून पुढच्या वर्षीचा फॉर्म यंदाच भरून ठेवायचा.